स्वयंचलित गाडीचं स्टेअरिंग: सरकतं, दुमडतं की जागेवर थांबणारं?

हा आढावा कोणासाठी ते आधी सांगतो. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधल्या एखाद्या आवारात चालवायची स्वयंचलित गाडी बनवणारा छोटा चमू, किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हाच विषय घेतलेले विद्यार्थी, यांना गाडी स्वतः चालत असताना स्टेअरिंगचं काय करायचं हे ठरवावं लागतं. रस्त्यावरची नोंदणी झालेली गाडी घेऊन तिच्यात हा बदल करायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. शिवाय चालकरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, त्याने चालकांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा सध्या ही गाडी कुंपणाच्या आत चालणार हे धरूनच पुढचं वाचा.

दोन रचना आधीच बाजूला काढू. रिनस्पीडच्या २०१४ च्या एक्सचेंज या प्रदर्शनी गाडीत स्टेअरिंग आडवं सरकून मध्यभागी जात होतं. दिसायला झकास, पण त्यासाठी डॅशबोर्डमधलं एसी युनिट, डक्ट आणि आडवी बीम सगळंच नव्याने मांडावं लागतं. दुसरी रचना म्हणजे रेसिंग गाडीसारखं खटक्याने काढून ठेवायचं स्टेअरिंग. विद्यार्थ्यांना हीच पहिल्यांदा सुचते, कारण स्वस्त आहे. पण काढलेलं तीन किलोचं चाक ठेवणार कुठे? तीसपट गुरुत्वाच्या धक्क्यात ते जवळपास ९०० न्यूटनच्या जोराने पुढे झेपावतं, आणि सीटमागच्या जाळीची पिशवी त्याला आवरत नाही.

उरल्या तीन: सरळ आत सरकणारं, दुमडून आत जाणारं, आणि जागेवरच राहून फक्त फिरायचं थांबणारं. व्होल्वोची कॉन्सेप्ट २६ (२०१५), फोक्सवॅगनची आय.डी. (२०१६), आउडीची स्कायस्फिअर (२०२१) या प्रदर्शनी गाड्यांनी स्टेअरिंग आत जाताना दाखवलं. व्हिडिओत ते दोन सेकंदांत नाहीसं होतं. आत जाणं हे या कामातलं सोपं अर्धं आहे. निवड करायची ती ते बाहेर येताना काय होतं यावरून.

आधी ठरवा: शाफ्ट ठेवणार की काढणार

नेहमीच्या गाडीत स्टेअरिंग, कॉलम, मधला शाफ्ट, दोन युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅक (पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा) अशी लोखंडाची सलग साखळी असते. गाडी स्वतः वळते तेव्हा रॅक हलवणारी मोटर ही साखळी उलटी फिरवते आणि स्टेअरिंगही गरगरतं. लहान गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेरे. म्हणजे आत लपवलेलं ३७० मिमी व्यासाचं चाक डॅशबोर्डच्या पोटात फिरत राहणार, आणि तेवढी पूर्ण गोल पोकळी मोकळी ठेवावी लागणार. गोल चाकाऐवजी आडवं योक (विमानासारखं अर्धं हँडल) लावलं तरी फिरताना ते तेवढंच वर्तुळ मागतं.

दुसरी अडचण लांबीची. उंची-बुटकेपणानुसार स्टेअरिंग जवळ-लांब करायची नेहमीची सोय ४० ते ६० मिमीची असते. आत लपवायचं तर १५० ते २५० मिमी लागतात. एवढं सरकणारा स्प्लाइन शाफ्ट (लांबीभर खाचा असलेले, एकात एक सरकणारे दोन तुकडे) बनवता येतो, पण पूर्ण बाहेर आलेल्या स्थितीतही स्प्लाइनची पकड व्यासाच्या दोन-अडीचपट तरी राहिली पाहिजे. कमी राहिली तर स्टेअरिंगला प्ले (ढिलाई) येतो आणि गाडी सरळ रस्त्यावर डुलू लागते.

म्हणून खरं आत जाणारं स्टेअरिंग हवं असेल तर शाफ्ट तोडणं आलं. इथे दोन वाटा आहेत. एक, मध्ये क्लच टाकायचा. इन्फिनिटीने २०१३ मध्ये क्यू५० गाडीत तारांवरचं (लोखंडी जोडाऐवजी विजेच्या संकेतांवर चालणारं) स्टेअरिंग दिलं तेव्हा मागे असा क्लच ठेवला होता. यंत्रणा बंद पडली की लोखंडी साखळी पुन्हा जुळायची. दोन, जोड पूर्णच काढायची, जसं टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये आणि निओच्या ईटी९ मध्ये केलं आहे. मग सगळंच दुहेरी लागतं: रॅकच्या मोटरला दोन स्वतंत्र वाइंडिंग, दोन कंट्रोलर, दोन वेगळे वीजपुरवठे, आणि कोन मोजणारे किमान तीन सेन्सर, म्हणजे एक खोटं बोलला तर दोघांच्या साक्षीने त्याला पकडता येतं. जागेवर उभ्या गाडीत रॅकची मोटर १२ व्होल्टला क्षणभर ८० ते १०० अँपिअर खेचू शकते. दुसरा पुरवठा म्हणजे कोपऱ्यात बसवलेली छोटी बॅटरी नव्हे, हा भारही तिने पेलला पाहिजे.

छोट्या चमूने क्लचची वाट घ्यावी. निवडताना एक आकडा हाताशी ठेवा: संयुक्त राष्ट्रांच्या आर ७९ नियमात, यंत्रणा बंद पडल्यावर प्रवासी मोटारीच्या स्टेअरिंगवर चालकाला ३०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावावा लागू नये अशी मर्यादा आहे. १८५ मिमी त्रिज्येवर तो साडेपंचावन्न न्यूटन-मीटर होतो. क्लच त्याच्या दुपटीचा घ्या. घर्षणावर चालणारा नको, दातांचा घ्या. आणि दात असे की एका फेऱ्यात तो एकाच कोनात बसेल. नाहीतर तो जुळेल, पण चाक वाकडं असताना जुळेल, आणि पुढे कायम तसाच राहील.

सरळ आत सरकणारं

करायला सगळ्यात सरळ हेच. हलणारं वजन (चाक, एअरबॅग, कॉलमची वरची नळी) साधारण सहा किलो. कॉलम २५ अंश कलला असेल तर गुरुत्वाचा वाटा २५ न्यूटन, उरलेलं घर्षण. १५० न्यूटन धरून चला. २०० मिमी अंतर अडीच सेकंदांत कापायचं तर सरासरी वेग ८० मिमी प्रति सेकंद. टीआर १२×३ चा लीड स्क्रू (१२ मिमी व्यास, एका फेऱ्यात तीन मिमी सरकवणारा) घेतला तर तो मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरवावा लागतो. १२ व्होल्टची ६० वॉटची मोटर पुरते.

बरेच जण वेग वाढवायला पाच मिमी लीडचा स्क्रू किंवा बॉल स्क्रू (आत गोळ्या असलेला) घेतात. तिथे गडबड होते. १२ मिमी व्यासावर तीन मिमी लीडचा कोन सुमारे पाच अंश येतो, आणि साधारण ग्रीस लावलेला स्क्रू एवढ्या कोनात स्वतःच अडकून राहतो. पाच मिमीला कोन साडेआठ अंशांपर्यंत जातो, तिथे भरवसा नाही. बॉल स्क्रू तर अडकतच नाही. गाडीतून उतरताना माणूस स्टेअरिंगला धरून उठतो, त्या ओढीने स्क्रू उलटा फिरतो. तीन मिमीचा स्क्रूही महिनोन्महिन्यांच्या कंपनाने हळूहळू सरकू शकतो. म्हणून पूर्ण बाहेरच्या स्थितीत आडवी पिन लागतेच, आणि पिन बसल्याची खूण देणारा स्विच तिच्यावरच हवा, मोटरवर नको.

आता अपघातातलं. समोरून धडक बसते तेव्हा कॉलम ८० ते १०० मिमी चेपतो आणि छातीवरचा मार कमी करतो. हे काम एक वाकणारी किंवा फाटणारी पोलादी पट्टी करते. लीड स्क्रूचा नट कॉलमच्या नळीला थेट वेल्ड केला की ही पट्टी निकामी होते आणि कॉलमचा भाला होतो. नट पट्टीच्या मागे जोडा: मोटर पट्टीसकट नळी सरकवेल, धडकेत पट्टी फाटेल. संयुक्त राष्ट्रांच्याच आर १२ नियमाच्या मर्यादा अशा: ताशी ४८.३ ते ५३.१ किमीच्या धडकेत कॉलमचं वरचं टोक मागे १२७ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये, आणि ताशी २४.१ किमीने छातीचा साचा आदळला तर जोर १,१११ डेकान्यूटनच्या (११,११० न्यूटन) आत हवा. आपल्याकडे हाच विषय एआयएस-०९६ या भारतीय मानकात येतो.

दुमडून आत जाणारं

यात चाकाची कडी मध्ये किंवा दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांवर दुमडते आणि सपाट पुडकं होऊन डॅशबोर्डच्या फटीत जातं. पोकळी कमी लागते, आणि गाडी दिसायलाही नेटकी होते. एअरबॅग-बेल्ट बनवणाऱ्या ऑटोलिव्ह कंपनीने टेन्सरच्या स्वयंचलित गाडीसाठी असं दुमडतं स्टेअरिंग बनवलं आहे.

मोठ्या कंपनीला हे परवडतं. छोट्या चमूने याच्या वाटेला जाऊ नये, आणि त्याचं कारण बिजागरीच आहे. बिजागरीच्या ६० मिमी रुंद पायावर ०.१ मिमी प्ले असेल तर १८० मिमी लांबच्या कडीला ०.३ मिमी हलताना जाणवतो. आकडा लहान वाटतो, पण तळहाताला ती खडखड लगेच कळते, आणि ज्या स्टेअरिंगवर हाताचा विश्वास बसत नाही ते माणूस घट्ट आवळून धरतो. प्ले मारायला शंकूच्या आकाराची पिन लागते, तिला स्वतःची मोटर लागते, मोटरला सेन्सर. एका बाजूची पिन बसली आणि दुसरी नाही, तर गाडीने काय करायचं हेही लिहून ठेवावं लागतं. भरीला, धडकेत दुमडलेल्या कडीची टोकं उघडी पडता कामा नयेत.

जागेवर राहून फिरायचं थांबणारं

स्टेअरिंग बनवणाऱ्या नेक्स्टीअर कंपनीने २०१७ मध्ये आत जाणाऱ्या कॉलमबरोबरच हीही कल्पना मांडली होती: गाडी स्वतः चालत असताना स्टेअरिंग शांत उभं राहतं. आम्हाला ही रचना उगाच दुर्लक्षित वाटते. माणसाला त्रास देणारी गोष्ट समोरचं चाक नसते, ते आपोआप गरगरतं हे असतं. पायावर डबा ठेवून जेवणाऱ्याच्या बाहीत त्याची आडवी दांडी अडकते. ते थांबवलं आणि शिवाय ८०-१०० मिमी आत घेतलं की मांडीवर लॅपटॉप मावतो, एअरबॅग आहे त्याच जागी राहते, आणि हात पुढे केला की चाक लागतं. शाफ्ट मात्र इथेही तोडावा लागतोच.

बाहेर यायचे ते काही सेकंद

आर १५७ हा संयुक्त राष्ट्रांचाच, आपोआप लेन पाळणाऱ्या गाड्यांचा नियम. आधी तो ताशी ६० किमीपर्यंत होता, जानेवारी २०२३ पासून १३० पर्यंत. गाडीने ताबा घ्यायला सांगितल्यावर माणसाला किमान दहा सेकंद मिळतात, त्यानंतरच ती स्वतः सुरक्षित थांबायची कारवाई सुरू करते. याच नियमात चालकाला स्टेअरिंगला हात घालून ताबा घेता आला पाहिजे, असंही आहे. स्टेअरिंग डॅशबोर्डच्या आत असेल तर हात घालणार कशाला? पूर्ण लपणारं स्टेअरिंग म्हणूनच माणसाच्या मदतीवर विसंबून असलेल्या गाडीत बसत नाही. अडचण आली तर स्वतःच बाजूला थांबू शकणाऱ्या गाडीतच ते शोभतं.

दहा सेकंद म्हणजे ताशी ६० किमीला १६७ मीटर, आणि समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेला ३३३ मीटर. अडीच सेकंदांत चाक बाहेर आलं तर साडेसात सेकंद हातात आहेत असं वाटेल. सीट विसरलात. माणूस आरामात बसायला सीट २०० मिमी मागे घेतो, आणि विजेवर सरकणाऱ्या सीटचा वेग साधारण २० मिमी प्रति सेकंद असतो. परत यायला दहा सेकंद. चाक तयार, पण हात पोचत नाहीत, पाय ब्रेकपर्यंत जात नाहीत. यावर सोपा तोडगा म्हणजे स्वयंचलित स्थितीत सीट मागे जायची मर्यादा १०० मिमी ठेवणं. सीटची मोटर जोरदार करण्यापेक्षा हे बरं, कारण झपाट्याने पुढे येणारी सीट मागच्याच्या पायाला नाही तर पुढच्याच्या गुडघ्याला त्रास देतेच.

कोनाचंही बघा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर २.४ मीटर व्हीलबेसच्या गाडीची पुढची चाकं पावणेतीन अंश वळलेली असतात. १६ च्या गुणोत्तराने स्टेअरिंग ४४ अंश फिरलेलं असायला हवं, आणि डॅशबोर्डमधून ते सरळ बाहेर येतं. बाहेर येता येताच ते फिरवून जुळवावं असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वाटतं, पण पुढे येणाऱ्या आणि त्याच वेळी फिरणाऱ्या चाकात अंगठा मुरगळतो. क्रम असा ठेवा: आधी पूर्ण बाहेर, मग पिन, मग सावकाश फिरून कोन जुळवणं, मग क्लच, आणि हातांची पकड सेन्सरला दिसली की ताबा. आवारातल्या गाडीला तर याहून सोपा नियम लावा. ताबा बदलायचा तो गाडी उभी असतानाच. ताशी २० किमीने चालणारी गाडी थांबवून स्टेअरिंग बाहेर काढण्यात कोणाचं काही बिघडत नाही.

एअरबॅग

अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षा संस्थेने मार्च २०२२ मध्ये चालकाविना गाड्यांमधल्या प्रवाशांच्या संरक्षणाचा नियम काढला. त्याचा रोख असा की हाताने चालवायची साधनं वापरता येतील अशा जागी नसतील, तर त्या सीटवरचा माणूस प्रवासी. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डमध्ये असते आणि चालकाच्या ५०-६० लिटरच्या पिशवीच्या दुपटीएवढी किंवा मोठी असते. म्हणजे लपणाऱ्या स्टेअरिंगला एकाच माणसासाठी दोन पिशव्या लागतात, आणि कोणती फुगवायची हे स्टेअरिंगच्या जागेवरून ठरतं. एका सेन्सरवर हे सोपवू नका. एक हॉल सेन्सर (चुंबकावरून जागा ओळखणारा) आणि एक वेगळा यांत्रिक स्विच, दोघं एकच सांगत असतील तरच. मधल्या अडीच सेकंदांत तर दोन्ही पिशव्या चुकीच्या जागी असतात. तेवढ्या वेळापुरतं संरक्षण बेल्टचं, म्हणून बेल्ट लावलेला नसेल तर स्टेअरिंग हलूच नये.

वायरिंगमध्ये घात होतो तो क्लॉक स्प्रिंगपाशी, म्हणजे फिरत्या चाकापर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या केबलपाशी. ती फिरणं सोसते, दोनशे मिमी लांब होणं नाही. सरकण्यासाठी वेगळी चपटी केबल घडीत ठेवावी लागते, आणि घडीची त्रिज्या लहान झाली की काही हजार फेऱ्यांत आतली तांब्याची पट्टी चिरते. एअरबॅगच्या इग्नायटरचा रोध सुमारे दोन ओहम. चिरलेल्या पट्टीने एक-दीड ओहमची भर पडली की एअरबॅगचा दिवा लागतो, चाक जरा सरकवलं की विझतो, आणि शोधणारा दिवसभर कनेक्टर साफ करत बसतो.

आपल्या उन्हात

नवतप्यात भर दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ८० अंशांच्या पुढे जातो. ४० मिमी रुंदीचा पीओएम प्लॅस्टिकचा सरकता गट्टू २५ वरून ८५ अंशांवर गेला की पाव मिलिमीटर फुगतो. त्याची पोलादी खाच मात्र जेमतेम ०.०३ मिमी वाढते. वर्कशॉपमध्ये ०.१ मिमी गॅप ठेवून लोण्यासारखी सरकणारी यंत्रणा मे महिन्यात दुपारी दोनला गच्च बसते, आणि संध्याकाळी तपासायला घेतली की पुन्हा सुरळीत. गॅप ०.३ ठेवा आणि खेळ मारायला एका बाजूने स्प्रिंगची पट्टी द्या. हॉल सेन्सरसाठी बाजारात सहज मिळणारं ‘एन’ दर्जाचं निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतच टिकतं, त्यापुढे कायमचं मऊ पडतं. ‘एसएच’ दर्जाचं, १५० अंशांचं मागा.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेचं वेगळं सांगायला नको. ग्रीसमध्ये ती मिसळली की घासकामाचा लेप तयार होतो. मार्गिकांना ग्रीसच लावू नका, पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचे कोरडे बुश घ्या. स्क्रूला ग्रीस, पण रबरी घडीच्या आवरणाखाली.

| | सरळ सरकणारं | दुमडणारं | थांबणारं |
|---|---|---|---|
| आत जायचं अंतर | १५०–२५० मिमी | फटीपुरतं, पण बिजागऱ्या | ०–१०० मिमी |
| एअरबॅग | दोन | दोन | एक |
| उष्णतेचा धोका | मार्गिका अडकणे | पिन न बसणे | कमी |
| हाताला लगेच मिळतं? | नाही | नाही | हो |
| लेथ-मिलिंगवर बनेल? | हो | अवघड | हो |

ताशी २०-२५ किमीची आवारातली गाडी, आणि आतल्या जागेचं प्रात्यक्षिकच दाखवायचं असेल, तर सरळ सरकणारं घ्या, क्लचसह, ताबा बदल उभ्या गाडीत. त्याहून वेगवान आणि पुढे पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी-मार्गावर न्यायची गाडी असेल तर थांबणारं, वर ८०-१०० मिमीची माघार. आणि गाडीत माणसाने कधीच हात घालायचा नसेल, तर लपवायची खटपट कशाला? बेंगळुरूच्या मायनस झीरोने २०२३ मध्ये दाखवलेल्या झेडपॉडमध्ये स्टेअरिंगच नव्हतं. आवारातल्या अशा गाडीला ढकलून न्यायच्या वेळेसाठी वायरचा छोटा हँड-कंट्रोल पुरतो.

टेबलवरच्या चाचणीत फक्त मोटरचा करंट बघू नका, तो जागेनुसार नोंदवा: दर पाच मिमीला एक आकडा. मोटर नेहमी चार अँपिअर घेते आणि सातला थांबवायची असा सरसकट नियम केला तर उन्हात ती विनाकारण थांबते आणि थंडीत बोट चिमटलं तरी थांबत नाही. त्या जागच्या नेहमीच्या करंटपेक्षा किती वाढला ते धरा, आणि चिमटणाऱ्या जोराची मर्यादा १०० न्यूटन ठेवा, विजेच्या खिडक्यांना लावतात तीच. दिवसाला चार वेळा आत-बाहेर धरलं तर दहा वर्षांत १४,६०० फेऱ्या होतात. त्यातल्या निम्म्या तरी हीटरखाली ८५ अंशांवर करा.

आणि हॉर्न. तो स्टेअरिंगवर असतो, म्हणजे स्टेअरिंगबरोबर तोही आत जातो. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या कॉलमवर असल्याने त्याही जातात. दरवाज्याच्या हँडलजवळ वेगळं हॉर्नचं बटण द्या आणि त्याची वायर कॉलमच्या हार्नेसमधून नेऊ नका.